हंड्यांचं काम : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर 2024

3 जून

कसब्यातल्या एका जुन्या खासगी राममंदिराचं काम घेतलं. सभामंडपाच्या तुळयांना नऊ कड्या आहेत. सहा कड्यांना काचेच्या हंड्या आहेत, तीन रिकाम्या. दोन हंड्या फार पूर्वीच गेल्या. तिसरी मागच्या वर्षी रंगकामाच्या शिडीचा धक्का लागून फुटली, पण विश्वस्त काकांनी तिचे तुकडे टाकले नाहीत. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवले होते. ते हाती आले म्हणून हे काम घ्यायची हिंमत झाली. नुसत्या फोटोंवरून मी होकार दिला नसता.

मागणी अशी: उरलेल्या सहांच्या रांगेत शोभतील अशा तीन हंड्या. मुदत त्रिपुरी पौर्णिमा, 15 नोव्हेंबर. एरवी मंडपात एलईडी असतात, पण त्या एका रात्री सगळ्या हंड्यांत तेलाचे दिवे लागतात. पेल्यात पाणी, त्यावर तेल, त्यात वात.

शाबूत हंड्यांची मापं: उंची 27 ते 29 सेंमी, पोट 20 च्या आसपास, गळा 13.5 ते 14.2, वरचा पसरट ओठ 18 ते 19. एकही दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. ओठाखाली, गळ्याभोवती पितळी वळं बसतं आणि वळ्याला तीन साखळ्या. म्हणजे हंडीचा सगळा भार त्या ओठावर.

7 जून

आज फक्त तुकडे पाहिले. भट्टी बंद आहे, पाऊस दारात आहे, घाई काही नाही.

मी काच शिकले ती फुटलेल्या वस्तूंवरून. अख्खी वस्तू आपला घाट दाखवते, पण ती कशी झाली हे तडा गेल्यावरच कळतं. कडेवर जाडी दिसते. ही हंडी तळाशी चांगली 6 मिमी, पोटात 2.5, खांद्याला पुन्हा 3.5. साच्यात फुंकलेल्या भांड्यावर साच्याची शिवण राहते, किंवा साच्यात फिरवून काढलं असेल तर अंगावर आडवे बारीक ओरखडे. इथे दोन्ही नाहीत. बाहेरून गुळगुळीत, आतून हलकी लहर. मोकळी फुंकलेली हंडी आहे.

काचेत बुडबुडे आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. गळ्यापाशी ते लांबट आणि तिरके आहेत. फुंकणी फिरत असताना गळा ओढला गेला की बुडबुडे असे पिळतात. ते सगळे एकाच दिशेला कललेत. करणाऱ्याचा हात कुठल्या बाजूला जास्त जोरानं फिरत होता, ते या तिरपेपणात तसंच्या तसं उरलंय. तळाच्या गोंड्याखाली पंटीचा, म्हणजे काठाचं काम करताना भांडं तळाशी चिकटवून धरायच्या सळईचा, वण घासून सपाट केलाय, पण घासणाऱ्यानं तो पुरता पुसला नाही, मधे चवलीएवढा खरबरीत डाग राहिलाय. गळ्यावर जॅकच्या, म्हणजे काच आवळायच्या मोठ्या चिमट्याच्या, बारीक वर्तुळाकार रेघा आहेत.

घनता काढली. एक तुकडा हवेत 84.0 ग्रॅम, पाण्यात बुडवून 50.3. फरक 33.7, म्हणजे घनता 2.49. शिशाची काच असती तर 3 च्या घरात गेली असती. तुकडा टिचकीनं वाजवला तर आवाज लगेच संपतो. शिशाची काच घणघणत राहते. दोन्ही साक्षी जुळल्या.

आणि रंग. पांढऱ्या कागदावर ठेवला की एका बाजूच्या तुकड्यांवर अगदी पुसट जांभळी झाक दिसते. काकांना विचारलं, ही हंडी कुठल्या कडीला होती? चौकाच्या बाजूच्या पहिल्या. म्हणजे रोज तिच्यावर ऊन येत होतं. वाळूत लोह असतं, त्यानं काच हिरवट होते. तो हिरवेपणा मारायला पूर्वी मिश्रणात थोडं मँगॅनीज घालत. ते आधी रंगहीन असतं, पण वर्षानुवर्षं उन्हातली अतिनील किरणं लागली की जांभळं व्हायला लागतं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ही पद्धत मागे पडली. चौकातल्या हंडीवर शंभरेक वर्षांचं पुण्याचं ऊन साठलंय आणि ते मोजता येईल इतकं खरं आहे. आतल्या रांगेतल्या हंड्या जवळजवळ पांढऱ्या आहेत.

हे कळल्यावर दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

12 जून

प्रेरणा कुठून मिळते, असं लोक विचारतात. निसर्ग, नदी, प्रकाश अशी उत्तरं द्यायला सोपी आहेत आणि खोटीही नाहीत. धायरीच्या शेडमधून पावसाळ्यात सिंहगडावर उतरणारे ढग मी रोज बघते. पण माझे हात शिवशिवतात ते दुसऱ्या कुणाच्या हाताची खूण सापडली की. कोण होता हा माणूस, त्याचं नाव कुठेही नाही. त्याचा श्वास किती लांब होता, तो कुठे थांबला, कुठे त्यानं काच पुन्हा तापवली, हे मात्र माझ्या टेबलावर पडलेलं आहे.

आपल्याकडे काच नवी नाही. ब्रह्मपुरीला, कोल्हापुरात, 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं; हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित या पुरातत्त्वज्ञांचं ते काम. तिथे मण्यांचे आणि बांगड्यांचे तुकडे निघाले. नेवाशात निघाले, तेरमध्येही निघाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासाचाच ध्यास घेतला. मणी आणि बांगड्या करण्याचं कसब इथे फार जुनं, आणि फुंकणीचं तंत्र सुमारे 2000 वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचं. दोन्ही माझ्या शेडमध्ये एकत्र नांदतात याचं मला अप्रूप वाटतं.

22 जून

बॅच, म्हणजे काचेचं मिश्रण, ठरवली. तयार काचेचे गोळे विकत घेऊन वितळवणं सोपं पडतं, एरवी मी तेच करते. बाटल्यांची काच या कामाला चालत नाही. ती लवकर आखडते. यंत्राला तेच हवं असतं, हाताला नको. हंडीचा ओठ उघडायला वेळ देणारी, लांब काच हवी. वाळू, सोडा ॲश, चुनखडी, थोडा टाकणखार. वितळल्यावर सिलिका साधारण 72 टक्के, सोडा 16, चुना 8, बाकी किरकोळ.

मँगॅनीज डायऑक्साइड घालायचं ठरवलं. शंभर किलोला 200 ग्रॅमपासून सुरुवात. चौकाच्या कडीसाठीची एकच हंडी किंचित जांभळी, बाकी दोन साध्या.

पावसानं सोडा ॲशला ओल धरली. गोणीत ढेकळं झालीयत. ओल्या सोड्याचं वजन फसवं असतं, म्हणून सगळा कढईत परतून कोरडा केला, मग तोलला. मिश्रण कालवताना मी आणि माझ्या साथीदारानं, दोघांनीही चांगले मास्क लावले. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही, आणि मँगॅनीजची धूळ मेंदूला वाईट. शेडमध्ये याबाबतीत कुणाचीही गय नाही.

10 जुलै

भट्टी पेटवली. काच वितळवायची मूस नवी आहे, म्हणून चढण सावकाश. 573 अंशांपाशी क्वार्ट्झ आपली रचना बदलतं आणि फुगतं, मूस तिथे घाईनं नेली तर फाटते. तो टप्पा रात्री आला, तासाला 20 अंशांनी पार केला. पहाटे मूस लालसर दिसायला लागली.

14 जुलै

1280 ला पहिला घाणा टाकला, चार किलो. फेस येतो, बसतो, मग पुढचा. दुपारी वादळात वीज गेली. ब्लोअर थांबला की झडप आपोआप गॅस तोडते, तशी तोडली. जनरेटर चालू होईपर्यंत पारा 1150 वर आला होता. मूस शाबूत आहे. संध्याकाळी पुन्हा 1280, आणि रात्रभर बुडबुडे वर येऊ द्यायला तसंच ठेवलं.

19 जुलै

काच आली! 1120 वर उतरवून नमुने काढले. स्वच्छ, लांब, ओढली की रेशमी. मँगॅनीजचा घाणा वेगळ्या छोट्या मुशीत आहे. पहिल्या नमुन्यात जांभळा रंग उतरलाच नाही, कारण ज्योत कोंडलेली होती. हवा कमी पडली की मँगॅनीज रंगहीन होतं. हवा वाढवली, तासाभरात रंग चढला. आता उलट जास्त झालाय. साधी काच मिसळून हलका करायचाय.

ज्यात काच गोल करतात तो लाकडी ब्लॉक पाश्चात्त्य स्टुडिओंत चेरीचा असतो. आमचे जांभळाचे आहेत. विहीर बांधताना तळाशी जांभळाचं लाकूड घालतात, पाण्यात ते कुजत नाही, आणि ब्लॉक तर कायम पाण्यातच ठेवायचा असतो. तापलेली काच ओल्या लाकडावर टेकली की मधे वाफेचा पडदा तयार होतो आणि काच त्यावर तरंगत फिरते. जांभळाचे ब्लॉक आतून काळे कुळकुळीत झालेत आणि दर महिन्याला आणखी चांगले होतायत. मोठ्या आकाराचा नवा एक भोरहून आणलेल्या ओंडक्यातून कोरून घेतला.

25 जुलै

खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलंय. साथीदाराचं घर वरच्या मजल्यावर आहे, माणसं सुखरूप आहेत, पण खालच्या शेजाऱ्यांचं सामान हलवायला तो तिथेच आहे. भट्टी 1000 वर आणून ठेवली. आज काम नाही.

2 ऑगस्ट

सर आले होते. पाषाणच्या एका प्रयोगशाळेत त्यांची हयात काचविभागात गेली. मी त्यांच्याकडे बर्नरवर शिकले: बोरोसिलिकेटच्या नळ्या, कंडेन्सर, तीन तोंडांचे चंबू, नळीला नळी अशी जोडायची की सांधा बोटाला लागू नये. त्या काचेचं प्रसरण साध्या काचेच्या जवळजवळ एक तृतीयांश, म्हणून ती ज्योतीत घालता येते. हंडीची काच तशी ज्योतीत घातली तर तडकेल. सोडियमची पिवळी झळ गाळणारे डिडिमियमचे चष्मे घालून आम्ही शेजारी बसायचो. दोन हात दोन वेगळ्या नळ्या एकाच वेगानं फिरवतायत, हे त्यांच्याइतकं सुंदर मी अजून कुणाचं पाहिलं नाही.

भट्टीची काच त्यांच्यासाठी वेगळं जग आहे, तरी खुर्ची ओढून तीन तास बसले. निघताना एवढंच म्हणाले, "फुंकतेस कमी आणि अंगठा जास्त वापरतेस, ते बरोबर आहे." फुंकणीत थोडा श्वास सोडून तोंडावर अंगठा दाबला की आत अडकलेली हवा तापून फुगते आणि बुडबुडा आपसूक उमलतो. छातीचा जोर लागतो असं बघणाऱ्यांना वाटतं. खरं काम कोंडलेली हवा करते.

सर गेल्यावर मला 1962 ची टोलीडोची गोष्ट आठवत राहिली. अमेरिकेत हार्वी लिटलटन या कुंभारकामाच्या प्राध्यापकानं टोलीडो कलासंग्रहालयाच्या आवारात छोटी भट्टी लावून पाहिली: कारखान्याबाहेर एकटा कलावंत काच वितळवू शकेल का? पहिली काच धड वितळेना. मग डॉमिनिक लॅबिनो या संशोधकानं काचतंतूंच्या उद्योगातल्या गोट्या वितळवायला सुचवल्या, आणि ते जमलं. पण फुंकायचं कसं, हे दाखवलं कारखान्यातून निवृत्त झालेल्या हार्वी लीफग्रीन या कारागिरानं. स्टुडिओ ग्लासची चळवळ म्हणतात ती इथून निघाली. पुढे 1971 मध्ये डेल चिहुली या काचकलावंतानं पिलचक ही काचेची शाळा काढली, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे उस्ताद अमेरिकेत शिकवायला आले, आणि 1291 पासून बेटावर राखलेली विद्या मोकळी झाली. त्या सगळ्यात मला लीफग्रीनच जवळचे वाटतात. त्यांनी फुंकणी हातात घेतली नसती तर ती भट्टी नुसती तापत राहिली असती.

9 ऑगस्ट

पहिल्या पूर्ण हंड्या काढल्या. पोट जमतंय, तळाचा गोंडा जमतोय. ओठ नाही. जॅकनं उघडला की काठ जाड राहतो आणि मापाला बरोबर असूनही जुन्या हंड्यांशेजारी जड दिसतो.

21 ऑगस्ट

तळेगावला वेगळ्या कामासाठी गेले होते. येताना पैसा फंडाच्या काच कारखान्याचा विचार मनातून जाईना. अंताजी दामोदर काळे या माणसानं दारोदार फिरून दरवर्षी एका माणसाकडून एक पैसा मागितला, उद्योग उभे करायला. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. 1908 मध्ये त्या पैशांतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला, सोबत शिकवण्याची सोय. परदेशात काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले आणि नंतर उत्तरेत जाऊन त्यांनी बहजोईला कारखाना काढला. 1916 मध्ये कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या आजोळी माजघरात होता.

एक-एक पैसा गोळा करून लोकांनी काच मागितली होती, हे मला फार मोठं वाटतं. आज पुण्यात कुणी मुलगी काच शिकायची म्हणते तेव्हा घरचे विचारतात, यात पोट भरतं का. भरतं, कष्टानं भरतं. गॅसचं बिल हा सगळ्यात मोठा खर्च, कारण मूस भरलेली असताना भट्टी रात्री विझवता येत नाही. आठवड्यातले दोन दिवस मी हॉटेलांसाठी दिव्यांच्या शेड करते, त्यावर बाकीचे दिवस चालतात. त्या शेडही मनापासून करते.

28 ऑगस्ट

तांबट आळी. वळी पितळेची करून घ्यायची आहेत. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेल्या या घरांतून अजून ठोक्यांचा आवाज येतो. तांबट काकांनी तुकडा हातात फिरवून पाहिला आणि वळं आधी करायला साफ नकार दिला. "तुमचं भांडं गळ्याला गोल निघेल याची खात्री आहे? आधी ते आणा." बिजागरी आणि फिरकीचा स्क्रू असलेलं वळं सुचवलं, म्हणजे दोन-तीन मिमी मागेपुढे चालेल.

पितळ काचेच्या दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे वळं गच्च बसवायचं नाही. जुन्या वळ्याच्या आतल्या बाजूला तेलकट काळं काहीतरी चिकटलेलं होतं. सुई लावून सोडवलं तर सुताची पिळी निघाली. तीच उशी आपणही वापरायची.

त्यांच्या मठारकामाकडे बघत बराच वेळ उभी राहिले. ठोक्याशेजारी ठोका, आणि तांब्यावर उजेड तुकड्यातुकड्यांनी थरथरतो. या उजेडाचं काचेत काय होईल? डोक्यात ठेवलंय. हंड्या झाल्यावर.

परतताना केळकर संग्रहालयात दिव्यांच्या दालनात थांबले. दिनकर केळकरांनी घराघरांतून गोळा केलेलं हे वैभव 1975 मध्ये शासनाला देऊन टाकलं. समया, लामणदिवे, हातदिवे. प्रत्येकात ज्योतीची जागा आधी ठरलीय आणि मग धातू तिच्याभोवती गेलाय. आमच्या हंडीतही तेलाचा पेला कुठवर लोंबेल त्यावरून पोटाचा सगळ्यात रुंद भाग कुठे हे ठरलंय. जुन्या सहाही हंड्यांत तो मध्याच्या थोडा खाली आहे. माझ्या ऑगस्टच्या हंड्यांपेक्षा बोटभर खाली. रेखाटन बदललं.

7 सप्टेंबर

गणपती बसले. साथीदार ढोलपथकात आहे, त्यामुळे 17 पर्यंत तो नाही. एकटीनं हंडी होत नाही, पंटी आणून लावायला दुसरा माणूस लागतोच. भट्टी मंद ठेवली. रोज सकाळी छोटे पेले काढते, हात चालू राहावा म्हणून.

23 सप्टेंबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवायलाच हवा.

साथीदार सकाळी लवकर आला. डब्यातले ओठाचे तुकडे त्यानं टेबलावर मांडले आणि डोळे मिटून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, गळ्याला चिमट्याच्या रेघा आहेत. ओठाला एकही नाही."

मी भिंगाखाली घेतला. खरंच. रेघा गळ्यापाशी संपतात. पुढे काठापर्यंत काच आरशासारखी, आणि जाडी सारखी उतरत जाते: 3.5, 3, 2.2, आणि अगदी काठाला ज्योतीनं गोल झालेली बारीक कड. ओठातले बुडबुडे गळ्यातल्यासारखे तिरके नाहीत, परिघाच्या दिशेनं ताणलेत. या माणसानं ओठ हत्यारानं उघडलाच नव्हता. गळा आवळून माप पक्कं केलं, काठ खूप तापवला आणि हंडी जोरात फिरवली. काच स्वतःच बाहेर फाकली. फिरकी!

हे तंत्र मला ठाऊक आहे, पसरट ताटांना वापरतात. गळ्याच्या भांड्याला वापरायचं सुचलं नव्हतं, कारण गळाही सोबत तापला तर माप जातं. म्हणजे फक्त काठ तापायला हवा. ग्लोरी होलमध्ये, काच पुन्हा तापवायच्या भोकात, हंडी खोल न घालता तोंडाशी धरायची, फक्त दोन बोटं आत. दारं जवळ घेतली. काठ नारिंगी झाला आणि हलायला लागला, तरी गळा अजून ताठ. बाहेर काढून पंटी खाली झुकवली आणि दोन्ही तळव्यांनी फिरवली.

ओठ उघडला. एका दमात, कमळाच्या पाकळ्या सुटतात तसा, आणि आपोआप थांबला, कारण पातळ झालेली काच तेवढ्यात थंड होते. साथीदारानं कॅलिपर लावला: गळा 13.9, ओठ 18.6. आम्ही दोघंही ओरडलो.

हंडी पंटीवरून सोडवून थेट ॲनीलरमध्ये, काच सावकाश थंड करायच्या भट्टीत. हे सगळं होताना हंडीच्या अंगाची काच 550 अंशांच्या खाली येऊ द्यायची नसते, त्यामुळे आनंदही दार लावल्यावरच करावा लागला.

कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी नेमकी हीच हालचाल केली. मनगटाचा हाच झोक असेल, काठ हलायला लागल्यावर पोटात हेच धस्स होत असेल. त्याच्याशी माझी याहून जवळची ओळख कशी झाली असती? मला नवीन काही सुचतं तेव्हा ते असंच येतं, दुसऱ्याच्या हालचालीतून माझ्या हातात. संध्याकाळपासून या ओठाचे दहा वेगळे आकार वहीत काढलेत, एकही हंडीचा नाही.

26 सप्टेंबर

जांभळी हंडी. दोन काचांचं प्रसरण सारखं राहावं म्हणून तीच मूळ बॅच, फक्त मँगॅनीज वेगळं. झाक अगदी कमी ठेवली. उन्हात दिसते, मंडपाच्या सावलीत नाही.

8 ऑक्टोबर

ॲनीलिंग: 510 अंशांवर एक तास, मग तासाला 50 नं उतरत 380 पर्यंत, पुढे तासाला 100. तळ 6 मिमी आहे म्हणून थोडं जास्तच सावकाश.

ताण तपासायला संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करून त्यापुढे हंडी धरायची आणि डोळ्यासमोर ध्रुवण फिल्म, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म, आडवी फिरवायची. पडदा काळा होतो. काचेत ताण असेल तिथे उजेड फुटतो. एका हंडीच्या गोंड्याशी पांढरी चांदणी दिसली, तिला पुन्हा सगळा फेरा दिला. दुसऱ्यांदा काळी, शांत. बाकी स्वच्छ.

19 ऑक्टोबर

विश्वस्त काका शेडवर आले. तीन नव्या आणि मंदिरातून उतरवलेली एक जुनी अशा चार हंड्या ओळीनं टांगल्या होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि जुनीलाच नवी म्हणाले.

मग एक मुद्दा निघाला. त्यांचं म्हणणं, नव्या हंड्यांवर काही खूण नको, रांग एकसारखी दिसू दे. मी म्हटलं, काका, दिसायला एकसारखीच राहील, पण उद्या कुणी अभ्यासायला आलं तर त्याला फसवायचं नाही. तळाच्या गोंड्याखाली हिऱ्याच्या टोकानं "पुणे, 2024" कोरणार. खालून शिडी लावून पाहिलं तरच दिसेल. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुमचं नावही घाला." नाव नको म्हटलं. साथीदाराच्या आणि माझ्या नावाचं आद्याक्षर घातलं.

4 नोव्हेंबर

दिवाळी झाली. वळी आली, सुताची पिळी भरली, स्क्रू बोटानं फिरतील एवढेच कसले. भाराची परीक्षा: प्रत्येक हंडी पाण्यानं काठोकाठ भरून, साखळ्यांवर, खाली गाद्या घालून रात्रभर टांगली. काच सव्वा किलोच्या आसपास, पाणी जवळपास सहा किलो. तेलाच्या पेल्याचा भार याच्या पासंगालाही पुरणार नाही. सकाळी तिन्ही जागेवर. ओठ पुन्हा फिल्मखाली पाहिले, काही नाही.

11 नोव्हेंबर

हंड्या कड्यांना लागल्या. जांभळी चौकाच्या बाजूला पहिली. सकाळी नऊला ऊन आलं तेव्हा तिची फिकट सावली फरशीवर पडली. शेजारच्या जुन्या हंडीचीही तशीच पडली, तिच्यात थोडा धूरकट तपकिरी रंग जास्त. तो रंग आणायला मला आणखी एक प्रयोग करावा लागेल, पण या हंडीला आता बदलायची नाही. तिच्यावर ऊन पडायला सुरुवात झालीय.

15 नोव्हेंबर

त्रिपुरी. नऊही पेटल्या. तेलाच्या ज्योतीला एलईडीसारखा एक ठाम बिंदू नसतो, ती हलते, आणि काचेच्या आतली लहर तिच्याबरोबर हलते. माझ्या हंड्यांची आतली लहर थोडी मोठी आहे, त्यामुळे तुळईवरचा उजेड तिथे जरा जास्त नाचतो. मला ते आवडलं. मंडपात आजी बसल्या होत्या, त्यांनी नातीला हंड्या मोजायला लावल्या. "नऊ," ती म्हणाली. आजी म्हणाल्या, मी लहान असताना सात होत्या.

दोन तासांनी काठाला हात लावला. कोमट. वळं किंचित सैल झालं होतं, अपेक्षेप्रमाणे.

18 नोव्हेंबर

हिशेब पूर्ण केला. सगळ्यात जास्त पैसे गॅसला गेले, त्याखालोखाल वळ्यांना. मजुरी साथीदाराला पूर्ण, मला बेताची. काकांनी माळ्यावरून जुन्या धुराच्या टोप्या शोधून काढल्या, हंडीच्या वर टांगायच्या काचेच्या झाकण्या, तुळई काळी होऊ नये म्हणून. चार फुटलेल्या आहेत. जानेवारीत त्या करायच्या. टोपी म्हणजे उलटा ओठच, तीही फिरकीनं उघडेल.

मुशीत अजून काच आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भट्टी चालू ठेवतेय. तांबट काकांकडून मठारलेली तांब्याची एक उथळ वाटी आणलीय. गरम काच तिच्यात क्षणभर टेकवून उचलायची, ठोक्यांचे ठसे घ्यायचे आणि मग काठ फिरवून उघडायचा. ठसे पसरतील, काठाकडे मोठे आणि मधे दाट. तांबं उष्णता फार वेगानं ओढतं, म्हणून वाटी आधी तापवून घ्यावी लागेल, बहुतेक 300 च्या पुढे. पहिली फेरी साथीदार बेंचवर बसून करेल, वाटी मी धरेन.